मतदानाची गाडी

पोट्टी आमच्या घरी पहिल्यांदा राहायला आली तेव्हा सात वर्षांची होती. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात स्टीलची ताटली, काठावर तिच्या बापाचं नाव कोरलेली. मायनं बजावून ठेवलं होतं की दुसऱ्याच्या घरी आपल्याच ताटलीत जेवायचं. मी ती ताटली घेतली, आमच्या ताटल्यांत मांडणीवर लावून दिली आणि म्हटलं, "इथी कोणाची कोणती, असं काही नाही." तिनं मान हलवली. पण जेवायला बसली की उठून बरोबर आपलीच ताटली काढून आणायची. पहिले दोन महिने असंच चाललं. मग एक दिवस आमच्या यांच्या ताटलीत जेवली आणि मला उगाच बरं वाटलं.

आमचं गाव पुसदपासून एसटीनं तासाभरावर. गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा, आणि गाव आणि तांडा यांच्या मधोमध शाळा. दिवाळी झाली की तांड्यातली जोडपी ऊसतोडीला जातात, पार पश्चिमेकडच्या कारखान्यांवर, आणि होळीच्या आगेमागे परत येतात. पोरं सोबत गेली की त्यांची शाळा गेली. घरी बुढी असली तर पोरं तिच्याजवळ राहतात. ज्यांच्या घरी बुढी नाही, त्यांच्यासाठी आमच्या वॉर्डातल्या बायांनी एक रीत पाडली होती. एका घरानं एक पोर ठेवायचं, होळीपर्यंत. पहिल्या वर्षी दोघींनी ठेवलं. त्यांचं पाहून आणखी तिघींनी. बाकीच्यांनी, खरं सांगायचं तर, लाजेखातर. नऊ घरं, नऊ पोरं.

या पोट्टीची माय आमच्या वावरात कापूस वेचायला यायची. वेचता वेचताच तिनं विचारलं होतं, "बाई, बुढी तर गेली आमची. इले ठेवता का होळीपर्यंत?" मी हो म्हटलं. माझी दोन्ही पोरं नागपूरला नोकरीला, घरात आम्ही दोघंच. माझी जाऊ सांगून मोकळी झाली, "कोणाची म्हैस अन् कोणाले उठबैस!" मी म्हटलं, "तुले उठबैस कराले सांगतली का मी?" ती आठ दिवस बोलली नाही. ते आठ दिवस चांगले गेले.

पोट्टी पहिल्या वर्षी 'क'ला 'फ' म्हणायची. दुसऱ्या वर्षी तिसरीत गेली आणि वाचायचं वेडच लागलं तिला. खताच्या पोत्यावरचं वाचायची, एसटीची पाटी वाचायची, हे पेपर उघडून बसले की मागे उभी राहून मयताच्या बातम्या मोठ्यानं वाचायची. हे ओरडायचे, "अवो, एखादी चांगली बातमी वाच ना!" मला ती मोठी माय म्हणायची. आपल्या आईला याडी. झोपेत कधी कधी मलाही याडी म्हणायची. ते मी कोणाला सांगितलं नाही.

आता शाळेचं सांगते. दोन खोल्या होत्या. एकीचे टिन एका वादळात उडाले, भिंत कलली, आणि इंजिनियर येऊन तिच्यावर लाल रंगानं 'वापरण्यास धोकादायक' असं लिहून गेला. रंगाला सरकारकडे निधी होता, भिंतीला नव्हता. उरलेल्या एका खोलीत चार वर्ग, एक मास्तर, एक मॅडम. इकडे दुसरीचे पाढे, तिकडे चौथीची कविता, मधे पहिलीतलं कोणी रडत असायचं. मायबाप पोरं ठेवून जायला का कू करायचे ते यामुळेच. पोट्टीचा बाप मला म्हणाला होता, "बाई, खोली नाही, बसाले जागा नाही, मंग पोरगी इथी ठेवून काय फायदा? एखाद्या वर्षी सोबतच नेतो मी." मी म्हटलं, "खोली होते. तू पोरगी हालवू नको." हे मी त्याला शब्द दिल्यासारखं म्हटलं होतं. खोली झाली तर ती शिकेल, नाही झाली तर बाप तिला फडावर नेईल, एवढं सरळ गणित होतं.

आम्ही अर्ज केले. पंचायत समितीत गेलो, तिथला साहेब जेवायला गेलेला. परत गेलो, साहेब मीटिंगला. ग्रामसभेत मी उभी राहिले तेव्हा एक जुना मेंबर हसत हसत म्हणाला, "वयनी, राग नोका मानू. तुमच्या वॉर्डात मत पडते कुठी? अर्धे लोक उसात, अर्धे घरात. जथी मतं, तथी काम. मी नाही करत हे, दुनियाच अशी चालते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन भांडी आपटली. यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "मतंच पाह्यजे ना बाप्पा यायले? देतो." तेव्हा ग्रामपंचायतीची निवडणूक लागायची होती, थंडीत.

पाच बाया होतो आम्ही. मतदार यादी घेऊन माझ्या ओट्यावर बसायचो. जो गावात आहे त्याच्या नावापुढे फुली, जो उसात आहे त्याच्यापुढे गोल. तांड्याच्या पानांवर नुसते गोलच गोल. बाहेरगावच्या मतदारांना आणायला उमेदवार गाड्या पाठवतात, ते काही नवीन नाही. पण ज्याच्या गाडीत बसलं त्यालाच मत द्यावं लागते, असा न बोललेला नियम आहे इकडे. म्हणून आम्ही ठरवलं, गाडी आपली. कोणाची मेहेरबानी नको. लोक येतील, मनाला येईल त्याला मत देतील, आणि मोजणीत दिसेल की या वॉर्डातही माणसं राहतात. माझ्या दिराचा पिकअप मिळाला. दुसरी गाडी सोयाबीनच्या व्यापाऱ्यानं दिली, त्याची पोरं याच शाळेत शिकलेली. ऊसतोडीच्या मुकादमाला मी स्वतः फोन केला, मतदानापुरतं सोडा लोकांना म्हणून. आधी नाही म्हणाला, मग दोन दिवसांच्या सुटीवर आला.

तेवढ्यात शाळेत वरून पत्रक आलं की विद्यार्थ्यांनी आईवडिलांना मतदानासाठी पत्रं लिहावीत. दरवेळी येतं ते, आणि दरवेळी पोरं फळ्यावरून उतरवून घेतात. मी म्हटलं, हे बरं झालं. आमच्याकडे ज्यांना खरोखर पत्र लिहावं लागेल अशी नऊ पोरं आहेत. पोट्टीला ओट्यावर बसवलं आणि सांगत गेले. ती जीभ बाहेर काढून लिहीत होती. प्रिय आई-बाबा, आपल्या शाळेला खोली पाहिजे. तुम्ही मतदानाला नक्की या. मी तुमची वाट पाहते.

शेवटचं वाक्यही मीच सांगितलं होतं. ते नीट लक्षात आहे माझ्या. पत्र कोरडं वाटत होतं, म्हणून घातलं. तिनं खाली दोन खोल्यांची शाळा काढली आणि झेंडा. बाकीच्या आठ घरांतूनही पत्रं आली, सगळ्यांनी माझंच पाहून लिहिलेली. मी नऊही पत्रांचे फोटो काढून मुकादमाच्या मोबाईलवर पाठवले, आणि त्याला म्हटलं, ज्याचं त्याला वाचून दाखवजा.

शाळेत मतदान केंद्र असते. वर्षभर बल्ब नव्हता त्या खोलीत. मतदानाच्या दोन दिवस आधी बल्ब आला, दारात सिमेंटचा उतार झाला, पाण्याची टाकी धुतली. मास्तर म्हणाले, "वयनी, दर महिन्याले मतदान पाह्यजे आपल्या इथी." आम्ही सगळ्या हसलो. मतदान झाल्यावर बल्ब काढून नेला, तो भाग वेगळा.

गाड्या आदल्या दिवशी दुपारी आल्या. लोक उतरले तेव्हा अंगावर उसाची धूळ, हात कापलेले, बायांचे चेहरे रापून वेगळेच झालेले. पोट्टीनं आपल्या मायला पाहिलं आणि आधी माझ्या मागे लपली. मग एकदम धावत सुटली. मी तिची चप्पल उचलून मागून गेले. माय तिला पोटाशी धरून खाली बसली होती, तिथंच, गाडीच्या चाकापाशी. मी चप्पल बाजूला ठेवली आणि परत आले, कारण दोन्ही पॅनलचे उमेदवार तांड्याच्या देवळासमोर यायचे होते आणि मला तिकडे थांबायचं होतं.

त्यांना आम्ही नारळावर हात ठेवायला लावला. जो निवडून येईल त्यानं पहिलं काम शाळेची खोली करायची. प्रचाराची वेळ संपली होती म्हणे, पण नारळाला कोणता कायदा? दोघांनीही हात ठेवला. जुन्या मेंबरनं तर गर्दी पाहून दोन्ही हात ठेवले.

मतदानाच्या दिवशी रांग लागली ती नेमकी पडक्या खोलीसमोरून. आम्ही मुद्दाम तशी लावली होती. सकाळच्या थंडीत लोक शाली पांघरून उभे होते, लाल अक्षरं वाचत होते, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना पोरं वाचून दाखवत होती. पोट्टी तर मास्तरच झाली होती त्या दिवशी. बापाचं बोट धरून म्हणाली, "धो-का-दा-यक." बाप हसला. मला म्हणाला, "वाचते वो बाई, खरंच वाचते." संध्याकाळी कळलं, गावात सगळ्यात जास्त मतदान आमच्या वॉर्डात झालं. तो जुना मेंबर समोरून गेला तेव्हा मी त्याला शाई लावलेलं बोट दाखवलं. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या निघायच्या होत्या. पोट्टीची माय आली आणि दारातच उभी राहिली.

"बाई, इची पिशवी द्या. इले घेऊन जातो."

"काहून? शाळा चालू हाय ना."

"पत्र धाडलं ना तिनं. मुकादमानं वाचून दाखवलं. वाट पाहतो म्हणे याडीची. थ्या दिवशी मले भाकर नाही गेली, बाई. पोरीचं मन लागत नाही अन् मी तथी ऊस तोडून राह्यली."

मी म्हटलं, "अवो, थे पत्र शाळेचं होतं. मतदानाचं. सगळ्या पोरांनी लिहिलं."

"वाट पाहतो, हेबी शाळेनं सांगतलं?"

"मी सांगतलं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. मग तिनं पोट्टीला जवळ घेतलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. पोट्टीनं मान खाली घालून उत्तर दिलं, तीन-चार शब्दच असतील. गोरबोली मला थोडी कळते, पण ती फार हळू बोलली. मायनं मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती आत आली, खुंटीवरचे फ्रॉक काढले, पिशवीत भरले. पाटी-पुस्तक मी दिलं. ताटली मांडणीवर राहिली, ते गाडी गेल्यावर लक्षात आलं.

मी बाहेर आले तर पिकअपमध्ये आणखी तीन पोरं बसलेली. एकीनं आपलं पोर घेतलं म्हटल्यावर दुसरीचं रडायला लागलं, दुसरीनं घेतलं म्हटल्यावर तिसरीला राहवेना. पाहता पाहता नऊही पोरं गाडीत. ज्या बायांनी सांभाळली त्या दारांत उभ्या. मास्तर शाळेतून धावत आले, हातात हजेरी तशीच. म्हणाले, "वयनी, थांबवा ना."

"तुम्ही थांबवा," मी म्हटलं.

त्यांनी हजेरी मिटली. माय आपलं पोर घेऊन चालली, तिला कोण अडवणार आणि काय म्हणून? पोट्टी मायच्या मांडीवर बसली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, माहीत नाही. गाडी आमची, डिझेल आम्ही भरलेलं, ड्रायव्हर माझा दीर. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय, असं जाऊ तेवढ्यात म्हणालीच. त्या दिवशी मी तिला उलटून बोलले नाही.

नंतर लोकांनी मला विचारलं, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? दोन महिन्यांनी माय पोराला पाहील आणि सोडून जाईल, असं वाटलं होतं का? मला काहीच वाटलं नव्हतं. आम्ही पाच बाया रोज यादी घेऊन बसत होतो, आणि मतदार यादीत अठराच्या खालचं कोणी नसते. पोरांचं नावच नव्हतं समोर. इतकं साधं आहे ते. मी कितीतरी वेळा हे उलटसुलट करून पाहिलं, त्यातून दुसरं काही निघत नाही.

रडूही आलं नाही मला. जाऊ म्हणाली, मन दगड झालं का तुझं. असेल. तूर सोंगून झाली, हरभरा निघाला, नागपूरहून पोरं येऊन गेली. मी स्वयंपाक करायची, तीन माणसांचा भात टाकायची, उरलेला सकाळी फोडणी देऊन खायचो. हे एकदा म्हणाले, "कमी टाकत जा." मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच टाकला.

खोली मात्र झाली. नारळावर हात ठेवून निवडून आलेला माणूस शब्दाला जागला, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याला मी मनात फार शिव्या दिल्या होत्या. उन्हाळ्यात पाया खणला, पावसाच्या आधी स्लॅब पडला. होळीला तांडा परतला. नऊपैकी पाच घरं आली, पण पोरं शाळेत आली दोनच. बाकीच्यांचा अभ्यास मागे पडला होता, कोणाला लहान भाऊ सांभाळायचा होता, कोणाला नुसतीच लाज वाटत होती. पोट्टीचं घर आलंच नाही. उसावरून परस्पर वीटभट्टीवर गेले म्हणे, कोणत्या तरी मोठ्या शहराच्या बाहेर.

जूनमध्ये पट मोजला. पट कमी भरला म्हणून मॅडमची बदली झाली. आधी दोन शिकवणारे आणि एक खोली होती, आता दोन खोल्या आणि एक मास्तर आहेत. ते या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालतात.

उद्घाटनाला फीत होती, नारळ होता, माइक होता. नवे सरपंच म्हणाले की या वॉर्डातल्या मायमाउल्यांनी मतदान करून दाखवलं म्हणून आज ही खोली उभी आहे, सगळ्या गावानं यांच्यापासून शिकावं. मला शाल आणि श्रीफळ दिलं. टाळ्या वाजल्या. बोला दोन शब्द, म्हणाले. मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, "खोली चांगली झाली." आणि माइक परत दिला. खोटं नव्हतं ते. खोली खरंच चांगली आहे, दोन्हीकडून उजेड येतो.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, दुपारी, मी ओट्यावर डाळ निवडत होते. अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मोठी माय, मी बोलून राह्यली."

मी सूप खाली ठेवलं. जेवली का, विचारलं. जेवली म्हणाली. बरी आहे का. बरी आहे. मागून मोटारींचा आवाज येत होता आणि एक लहान पोर रडत होतं. तिचा भाऊ, तिच्याच कडेवर असावा.

"शाळा?"

"इथी नाही शाळा. मी ट्रकावरचं वाचतो. सगळं येते मले."

"खोली झाली आपली," मी सांगितलं. "नवीन. तुह्या चित्रातल्यासारखी."

"दोन?"

"हो, दोन."

तिनं भावाला चूप केलं. मग म्हणाली, "मोठी माय, आता मतदान कधी हाय?"

"काहून वो?"

"मंग गाडी येते ना. घ्याले."

मागून बापाचा आवाज आला, फोन आण म्हणून. आता ती नऊ वर्षांची आहे. ग्रामपंचायतीची पाळी पुन्हा येईल तेव्हा तेरा वर्षांची होऊन गेलेली असेल.

"लवकरच हाय," मी म्हटलं.

"मंग सांगजो. मी पिशवी भरून ठेवतो," ती म्हणाली, आणि बापानं फोन घेतला.